तलाव भरला, भिंत कोणी पाहिली?

मराठवाड्यातला लहान तलाव म्हणजे बहुतेक वेळा एक मातीचे धरण असते. दोन उंचवट्यांमधला ओढा अडवून घातलेला भराव, जास्तीचे पाणी काढून देणारा सांडवा, शेतीला पाणी सोडणारा विमोचक आणि पायथ्याच्या बाजूला थोड्या अंतरावर गाव किंवा वस्ती, एवढी त्याची मांडणी. लातूर जिल्ह्यात तावरजा, रेणापूर, व्हटी, तिरू, देवर्जन, साकोळ, घरणी आणि मसलगा हे मध्यम प्रकल्प आहेत. नांदेडमध्ये करडखेड, कुंद्राळा, पेठवडज, महालिंगी, नागझरी अशी नावे आहेत. या नावांच्या खाली लघुप्रकल्प, साठवण तलाव आणि पाझर तलावांची लांब यादी लागते. त्यातल्या पुष्कळांचे नाव शेजारच्या दोन गावांपलीकडे कोणाला ठाऊक नसते.

या तलावांची चर्चा वर्षातून दोनदा होते. पावसाळ्यात किती टक्के भरला याची आणि उन्हाळ्यात किती उरला याची. ज्या लातूर जिल्ह्याने 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी येताना पाहिले, त्या जिल्ह्यात ही चर्चा होणे स्वाभाविक आहे. मात्र त्यातून एक उथळ समजूत रुजली आहे: तलावाची तब्येत म्हणजे त्यातला पाणीसाठा, धरणाची सुरक्षितता हा जायकवाडी-कोयनेसारख्या मोठ्या धरणांचा विषय, आणि तलावावर फिरायला येणाऱ्यांचे काय करायचे हा पोलिसांचा आणि फलक लावण्याचा विषय.

या लेखाचे प्रतिपादन याच्या उलट आहे. लहान धरणाचा धोका त्याच्या आकारावरून ठरत नाही. भिंतीच्या स्थितीवरून आणि खाली कोण राहते यावरून ठरतो. मराठवाड्याच्या हवामानात कोरडा पडलेला तलाव भरलेल्या तलावाइतकाच तपासणीला पात्र आहे. तिसरे असे, की भिंतीची सुरक्षितता आणि काठावर येणाऱ्या माणसांची सुरक्षितता हे दोन प्रश्न नाहीत. त्यांची मुळे एकाच जागी आहेत आणि त्यांचे उत्तरही एकत्रच शोधावे लागते.

1. ‘छोटाच तर आहे’ या समजुतीची तपासणी

2 जुलै 2019 च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. भिंतीखालच्या वाडीतली घरे पाण्याबरोबर गेली आणि वीसच्या आसपास माणसे मेली. हे धरण जुने नव्हते, मोठेही नव्हते. त्याचा साठा सुमारे अडीच दशलक्ष घनमीटर, म्हणजे मराठवाड्यातल्या एखाद्या लघुप्रकल्पाएवढा. आकडा लहान दिसतो, पण एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन असते. अडीच दशलक्ष घनमीटर म्हणजे पंचवीस लाख टन. त्यातला अगदी थोडा भाग काही मिनिटांत एका ओढ्याच्या पात्रातून सुटला तरी ओढ्याकाठच्या घरांना तो पुरेसा असतो.

दुसरे उदाहरण अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे आहे आणि या विषयाच्या अधिक जवळचे आहे. टोकोआ या गावाजवळचे केली बार्न्स हे सुमारे 12 मीटर उंचीचे मातीचे धरण मुळात वीजनिर्मितीसाठी होते. वीजनिर्मिती थांबल्यावर तिथे उरला तो फिरण्या-खेळण्याचा तलाव. पाण्याचा उपयोग बदलला, भिंत तीच राहिली, पण तिच्याकडे पाहण्याचे कारण संपले. उतारावर झाडे वाढली. 6 नोव्हेंबर 1977 च्या पहाटेपूर्वी, मोठ्या पावसानंतर, ती भिंत फुटली आणि खालच्या महाविद्यालयाच्या परिसरातली 39 माणसे मेली. त्या तलावात त्या रात्री एक दशलक्ष घनमीटरही पाणी नव्हते.

म्हणून प्रश्न ‘धरण किती मोठे?’ असा विचारून भागत नाही. ‘ते फुटले तर पहिल्या अर्ध्या तासात पाणी कोणाच्या घरात शिरेल?’ असा तो विचारला पाहिजे. माळावरचा, खाली मैलभर शेतीच असलेला मोठा साठवण तलाव आणि वाडीच्या डोक्यावर बसलेला लहान पाझर तलाव यांत अधिक काळजीचा दुसरा आहे. आणखी एक गोष्ट नजरेआड होते. धरण बांधताना खाली वस्ती नसली तरी चाळीस वर्षांत ती येते. ओढ्याकाठची जमीन सपाट असते, विहिरीला पाणी लागते, रस्ता जवळ असतो. भिंत आहे तेवढीच राहते, धोका मात्र वाढत जातो.

2. मातीची भिंत कशी फुटते

मातीची धरणे जगभर मुख्यतः दोन कारणांनी फुटतात. पाणी भिंतीवरून वाहिले तर, किंवा पाण्याने भिंतीच्या पोटातून वाट काढली तर.

पहिले कारण सांडव्याशी बांधलेले आहे. सिमेंटच्या किंवा दगडी धरणावरून पाणी वाहिले तर भिंत टिकण्याची शक्यता असते. मातीच्या भिंतीवरून वाहिले तर ती लोण्यासारखी कापली जाते. म्हणून पुराची सर्वोच्च पातळी आणि भिंतीचा माथा यांत काही अंतर मोकळे राखलेले असते आणि जास्तीचे सगळे पाणी सांडव्यातून जाईल असा हिशेब असतो. हा हिशेब बिघडवण्याच्या वाटा गावोगाव ओळखीच्या आहेत. सांडव्याच्या तोंडाशी वाळूच्या गोण्या रचून फूटभर जास्त पाणी अडवले जाते. सांडव्याच्या चरात कोणी पेरा करतो, कोणी बांध घालतो. चरात बाभळी माजतात. भिंतीचा माथा गाड्यांच्या चाकोऱ्यांनी आणि खचण्याने एखाद्या ठिकाणी खाली बसतो, आणि पूर आला की पाणी नेमकी तीच जागा शोधते. फूटभर जादा पाण्यासाठी रचलेली गोण्यांची रांग म्हणजे भिंतीच्या सुरक्षिततेतून कापून घेतलेला फूट असतो. ज्याच्या शेताला ते पाणी मिळते, त्याच्याच शेतावरून पुढे भिंत जाऊ शकते.

दुसरे कारण अधिक फसवे, कारण ते बाहेरून दिसत नाही. कोणतीही मातीची भिंत थोडीफार झिरपतेच. झिरपणे हा दोष नाही. झिरपणाऱ्या पाण्याबरोबर माती येणे हा दोष आहे. पाणी मातीचे कण ओढून बाहेर काढू लागले की त्याच्या वाटेवर बारीक नळी तयार होते. नळी रुंदावली की पाण्याचा वेग वाढतो, वेग वाढला की आणखी माती सुटते. शेवटचा टप्पा तासाभरातही उरकतो. या नळीची सुरुवात कुजलेल्या मुळाच्या पोकळीतून होऊ शकते, घुशीच्या बिळातून होऊ शकते, विमोचकाच्या नळाभोवती नीट न दाबलेल्या मातीतून होऊ शकते, किंवा मोटारीची पाइपलाइन नेण्यासाठी कोणी भिंतीत घेतलेल्या चरातून होऊ शकते. तिवरे फुटल्यावर खेकड्यांनी भिंत पोखरल्याचे विधान तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी केले आणि राज्यभर टीका झाली. प्राणी भिंतीत बिळे करतात हे खरे आहे. पण बीळ एका रात्रीत धरण फोडत नाही. गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधीच तक्रारी केल्या होत्या, त्यामुळे दोष बिळाच्या वयाचा होता, म्हणजेच ते न बुजवणाऱ्यांचा होता.

पोटातली ही धूप ओळखण्याची खूण साधी आहे. वैशाखात, सगळे रान करपलेले असताना, भिंतीच्या कोरड्या अंगाला पायथ्याजवळ हिरव्यागार गवताचा एक पट्टा दिसतो. तिथे पाय ठेवला की माती दबते आणि खाचेत पाणी साचते. ते पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडात धरावे. नितळ असेल तर जागेवर खूण करून लक्ष ठेवावे. गढूळ असेल किंवा तळाशी गाळाचा थर बसत असेल, तर त्याच दिवशी अभियंत्याला कळवावे. महागड्या उपकरणांआधी या पेल्याने पुष्कळ काम होते.

3. कोरडा तलाव सुरक्षित असतो का?

तलाव आटला की भिंतीची काळजी मिटली, असे सगळेच मानतात. मराठवाड्यात ही समजूत सर्वांत घातक आहे आणि त्याची कारणे इथल्या मातीत आहेत.

दख्खनच्या बेसाल्टवर तयार झालेली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. मोठ्या धरणात काळ्या मातीचा गाभा आत असतो आणि त्यावर मुरमाचे कवच असते, त्यामुळे गाभ्यातला ओलावा बऱ्यापैकी टिकतो. लहान तलावात हा भेद नेहमी काटेकोर पाळलेला नसतो. जवळ जी माती मिळाली तिचाच भराव, असे घडलेले असते. सलग दोन-तीन वर्षे तलाव कोरडा राहिला की भिंत वरून आणि आतून वाळत जाते. माथ्यावर लांबच लांब भेगा पडतात आणि बिळे करणाऱ्या प्राण्यांना निवांत जागा मिळते.

त्यात बांधकामाच्या काळाचा भाग आहे. 1972 च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमी योजनेखाली राज्यात पाझर तलावांची कामे मोठ्या संख्येने निघाली. या कामांनी लाखो कुटुंबांच्या हाताला काम दिले आणि त्या कामांचे मोल कमी लेखता येणार नाही. पण भरावाची दबाई नीट होण्यासाठी मातीत ठरावीक ओलावा लागतो, आणि दुष्काळात तुटवडा असतो तो पाण्याचाच. हमीच्या कामाचा पहिला हेतू मजुरी देणे हा होता, शास्त्रशुद्ध भराव हा दुसरा. त्या पिढीतले तलाव आज पन्नाशीच्या आसपास आहेत. त्यांतले किती चांगले टिकले हे प्रत्येकाजवळ जाऊनच कळेल; सरसकट दोष देणे चूक आणि सरसकट निर्धास्त राहणे त्याहून मोठी चूक.

आता या कोरड्या, भेगाळलेल्या भिंतीवर एकाच रात्री पाणी येते तेव्हा काय होते? मातीच्या धरणाच्या आयुष्यात पहिल्यांदा भरण्याचा काळ सर्वांत जोखमीचा असतो, हे जगभरच्या अनुभवाने सिद्ध झाले आहे. पानशेत धरण 12 जुलै 1961 रोजी फुटले ते काम पुरे व्हायच्या आत, पहिल्याच भरतीच्या वेळी. अमेरिकेतले टिटन धरणही 5 जून 1976 रोजी पहिल्यांदा भरत असतानाच गेले: सकाळी सातच्या सुमारास गळती दिसली आणि दुपारी बाराला तीन मिनिटे कमी असताना भिंत कोसळली. वर्षानुवर्षे कोरड्या राहिलेल्या तलावाची पुढची भरती ही जवळजवळ नवी पहिली भरतीच असते. मराठवाड्यात ती हलकेहलके होत नाही. पाऊस आठवडेच्या आठवडे दडी मारतो आणि परतीच्या दिवसांत दोन रात्रींत सरासरी भरून काढतो. 2016 च्या उन्हाळ्यात ज्या मांजरा धरणात पाणी नव्हते, ते त्याच वर्षी परतीच्या पावसात भरले. 2025 च्या ऑगस्टमध्ये 17 आणि 18 तारखांच्या दरम्यान मुखेड तालुक्यात अशीच अतिवृष्टी झाली. लेंडी नदीचे पाणी हसनाळ, रावणगाव या गावांत शिरले, माणसे दगावली आणि बचावासाठी लष्कराला बोलवावे लागले. लेंडीवरचा धरण प्रकल्प लहान नाही आणि तिथे भिंत फुटली नव्हती. पण फुगवट्याच्या बाजूच्या, म्हणजे भिंतीच्या वरच्या अंगाच्या गावांनाही धरणाच्या आराखड्यात स्थान लागते, हे त्या रात्रीने दाखवले.

याच भागात तपासणीचे आणखी एक कारण आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. तो अपवाद मानला तरी लहान धक्के अपवाद नाहीत. 2024 मध्ये 21 मार्चला आणि 10 जुलैला हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले 4.5 तीव्रतेचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले. अशा धक्क्यांनी चांगला भराव फुटत नाही. आधीच भेगाळलेल्या भरावाची भेग मात्र रुंदावू शकते. घरे हलली की लोक भिंतींना तडे गेले का पाहतात. गावाच्या डोक्यावरच्या भिंतीकडे त्या सकाळी कोण गेले होते, हा प्रश्न प्रत्येक ग्रामपंचायतीने स्वतःला विचारावा असा आहे.

4. सहलीची जागा नेमकी धोक्याची जागा

धार्मिक स्थळे आणि किल्ले सोडले तर लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत सुटीच्या दिवशी जायला मोकळ्या जागा मोजक्याच आहेत. त्यामुळे पाऊस झाला की लोक पाण्याकडे वळतात. तिरूचा जलाशय पक्षी पाहणाऱ्यांना ओळखीचा आहे, लोहा तालुक्यातल्या लिंबोटीकडे नांदेडचे लोक जातात, कंधारला किल्ल्याबरोबर जगत्तुंग समुद्र पाहिला जातो. गावाजवळचा निनावी तलाव तर पोहायला शिकण्याची, जनावरे धुण्याची, गणपती विसर्जनाची आणि संध्याकाळी बसण्याची जागा असतो. हे सगळे चांगले आहे. उन्हात भाजून निघणाऱ्या प्रदेशात पाण्याकाठी बसण्याची ओढ ही चैन नव्हे.

अडचण अशी, की तलावावरची सर्वांत आकर्षक जागा आणि धरणाची सर्वांत नाजूक जागा एकच असते. सांडवा वाहू लागला की तो धबधब्यासारखा दिसतो आणि माणसे त्याच्या पाण्यात उतरतात. लोणावळ्याच्या भुशी धरणावर तर सांडव्याच्या पायऱ्यांवर बसणे हीच सहल आहे. 30 जून 2024 रोजी तिथल्या जलाशयाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. पाणी वाढले ते काही क्षणांत. सांडव्यावरही पाणी असेच वाढते, कारण पाऊस पाणलोटात मैलावर पडत असतो आणि सांडव्यावर उभ्या माणसाच्या डोक्यावर ऊन असू शकते. शेवाळलेल्या काँक्रीटवरचे गुडघाभर वाहते पाणी धट्ट्याकट्ट्या माणसालाही उभे राहू देत नाही.

जलाशयाच्या आतही तसेच. 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेखाली तलावांतला गाळ काढून शेतात टाकला जात आहे. योजना उपयोगी आहे. साठा वाढतो, हलकी जमीन सुधारते. पण जेसीबीने जिथे माती चांगली लागली तिथे खोल आणि नाही तिथे उथळ असे काम झाले, तर तळ खड्ड्यांचा होतो. पाणी भरल्यावर हे खड्डे दिसत नाहीत. लहानपणापासून त्याच तलावात पोहलेला मुलगाही छातीभर पाण्यातून एका पावलात डोक्यावरच्या पाण्यात जातो, कारण त्याला ठाऊक असलेला तळ आता उरलेला नसतो. हाच खड्डा भिंतीच्या पायथ्याजवळ घेतला गेला तर तो भिंतीचा आधार आणि पाणी अडवणारा मातीचा थर दोन्ही कापतो. एका खड्ड्यात पोहणाऱ्याचा आणि धरणाचा धोका असा एकत्र येतो.

माणसांच्या वावराने भिंतीवर होणारे परिणाम थोडक्यात सांगता येतात. उतारावरून पाण्याकडे जाणारी पाऊलवाट पहिल्या पावसात ओघळ होते. पाण्याच्या अंगाचे पिचिंगचे दगड चुलीसाठी किंवा बसण्यासाठी उचलले गेले की लाटा उघड्या मातीवर आपटतात. माथ्यावरून मोटारी गेल्या की चाकोरीत पाणी साचते आणि भरावात मुरते.

5. आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप भीतीचा. तहानलेल्या भागात तलावांच्या धोक्याबद्दल लिहिले तर लोक तलावच नकोत म्हणतील, अशी शंका घेतली जाते. प्रत्यक्षात धोकादायक ठरलेला तलाव पूर्ण भरता येत नाही. भिंत दुरुस्त होईपर्यंत सांडवा खाली उतरवून साठा कमी ठेवावा लागतो. गळणारी भिंत पाणीही गमावते आणि विश्वासही. ज्याला तलावातले पाणी हवे आहे, त्याला भिंतीची काळजी टाळता येणार नाही. कंधारचा जगत्तुंग समुद्र राष्ट्रकूट काळाशी जोडला जातो. हजारभर वर्षांनंतरही तिथे पाणी उभे राहते, याचा अर्थ मातीच्या बांधाला वयाची मर्यादा नाही. मर्यादा निगराणीची असते.

दुसरा आक्षेप पैशांचा आणि माणसांचा, आणि तो खरा आहे. शाखा अभियंत्याकडे डझनावारी तलाव असतात, चौकीदारांची पदे रिकामी राहतात. परंतु सगळ्या तलावांना सारखेच लक्ष द्यावे लागत नाही. खाली वस्ती आहे का, सांडवा मोकळा आहे का, कोरड्या अंगाला ओल आहे का, माथा कुठे खचला आहे का, या चार प्रश्नांच्या उत्तरांवर तालुक्यातले तलाव क्रमाने लावता येतात. पहिल्या दहांकडे आधी जायचे. बाभळी लहान असतानाच काढणे, चर साफ करणे, बिळे खणून दाबून बुजवणे ही कामे मजुरांची आहेत. ती रोजगार हमीतूनही होऊ शकतात. एक सावधगिरीची सूचना इथे हवी: भिंतीवर मोठे झालेले झाड एकदम तोडून मूळ आत सोडणे हाही उपाय नाही. मूळ कुजले की तिथे पोकळी राहते. असे झाड अभियंत्याच्या देखरेखीखाली मुळासकट काढून जागा थराथराने दाबून भरावी लागते.

तिसरा आक्षेप बंदीचा. जमावबंदीचे आदेश काढले, फलक लावले की सहलीचा प्रश्न सुटतो, असे प्रशासनाला वाटते. भुशीवर दर पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात आणि दर पावसाळ्यात गर्दी होते. गावच्या तलावावर तर पोलीस उभा राहणारच नाही. शिवाय बंदी यशस्वी झालीच तर तलाव ओसाड होतो, आणि ओसाड भिंत कोणी पाहत नाही. केली बार्न्सच्या तलावावर लोक जात होते, पण त्यांना भिंतीत काय पाहायचे ते कोणी सांगितले नव्हते. लोकांना येऊ द्यावे, सांडवा, विमोचकाची विहीर आणि भिंतीचे उतार एवढेच कुंपणाने आणि ठळक खुणांनी वेगळे राखावेत, पाण्याकडे उतरायला एका बाजूला, भरावापासून दूर, दगडी पायऱ्यांचा घाट करावा, आणि येणाऱ्यांच्या डोळ्यांचा उपयोग करून घ्यावा.

चौथा आक्षेप तज्ज्ञतेचा. धरणाची पाहणी हे अभियंत्याचे काम, गावकऱ्याला काय कळणार? कारण शोधणे आणि उपाय ठरवणे हे अभियंत्याचेच काम आहे. पण बदल ओळखायला रोज पाहणारा डोळा लागतो आणि तो गुराख्याकडे, मासेमारी संस्थेच्या सभासदाकडे, पहाटे माथ्यावरून चालायला जाणाऱ्या शिक्षकाकडे असतो. ऑगस्ट 2022 मध्ये मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात कारम नदीवरच्या धरणाची भिंत गळू लागली. गळती वेळेत कळली, खालची अठरा गावे रिकामी केली गेली, बाजूने चर खोदून पाणी सोडून देण्यात आले, आणि एकही जीव गेला नाही. तिवरे आणि कारम यांत पहिला फरक गळती दिसण्याचा नव्हता, गळती ऐकली जाण्याचा होता.

6. कायदा कुठपर्यंत पोहोचतो

धरण सुरक्षा कायदा 2021 हा 30 डिसेंबर 2021 पासून देशात लागू आहे. 15 मीटरपेक्षा उंच धरणे त्यात येतात. 10 ते 15 मीटर उंचीची धरणे काही अटींवर येतात, उदाहरणार्थ भिंतीची लांबी किमान 500 मीटर किंवा साठा किमान एक दशलक्ष घनमीटर असल्यास. अशा धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, तसेच प्रत्येक पुरानंतर आणि भूकंपानंतर पाहणी करणे मालकावर बंधनकारक आहे. आपत्कालीन कृती आराखडा करण्यासाठी जुन्या धरणांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. देशात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत आणि राज्याची धरण सुरक्षितता संघटना नाशिकला आहे. तपासणीची परंपरा इथे कायद्याच्या आधीपासूनची आहे.

परंतु 10 मीटरपेक्षा कमी उंचीची भिंत कायद्याच्या बाहेर राहते, आणि मराठवाड्यातले बहुसंख्य पाझर तलाव याच उंचीचे आहेत. त्यांच्या मालकीची विभागणीही गोंधळ वाढवते. 100 हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्यापुढे 600 हेक्टरपर्यंतचे मृद व जलसंधारण विभागाकडे, त्याहून मोठे जलसंपदा विभागाकडे. पाण्याचा उपसा, मासेमारीचा ठेका आणि गाळाचा परवाना यांचे निर्णय आणखी वेगवेगळ्या टेबलांवर होतात. तलावातून लाभ घेणारे अनेक आणि भिंतीची जबाबदारी नेमकी कोणाची हे सांगणारे कोणी नाही, अशी स्थिती होते. कायद्याची उंचीची रेघ केंद्राने आखली आहे. तिच्या खालच्या, पण वस्तीच्या डोक्यावर असलेल्या तलावांना हेच पाहणीचे नियम लावायला राज्याला कोणी अडवलेले नाही. हा निर्णय राज्याने घ्यायला हवा.

7. एका तलावापुरते करता येण्यासारखे

सर्व व्यवस्था सुधारण्याची वाट न पाहता प्रत्येक ग्रामपंचायतीला काही गोष्टी करता येतात. तलावाच्या माथ्यावर एक फलक असावा. त्यावर ‘पोहण्यास मनाई’ एवढेच न लिहिता धरण कोणत्या विभागाचे, संबंधित शाखा अभियंत्याचा कार्यालयीन दूरध्वनी कोणता, आणि काय दिसल्यास कळवायचे हे लिहावे: गढूळ झिरपा, नवी भेग, खचलेला माथा, पाण्यात उठणारा भोवरा, अडलेला सांडवा. सांडव्याच्या भिंतीवर रंगाने पातळीची खूण करावी आणि पाणी तिथे पोहोचले की खालच्या वस्तीने कुठे जायचे हे आधी ठरवलेले असावे. गाळ काढण्याआधी पायथ्यापासून किती अंतर सोडायचे ते अभियंत्याकडून लेखी घ्यावे आणि त्या अंतरावर चुन्याची रेघ ओढावी. शाळेच्या मुलांची वार्षिक सहल लांब नेण्याआधी एकदा गावच्या धरणावर न्यावी आणि सांडवा कशासाठी असतो ते त्यांना तिथेच उभे करून दाखवावे.

पाहणीची एक साधी वही ग्रामपंचायतीत ठेवावी. तारीख, पाण्याची पातळी, ओल आहे की नाही, झिरपा नितळ की गढूळ, बिळे, भेगा, सांडवा, आणि पाहणाऱ्याची सही. मृग नक्षत्र 7 जूनच्या सुमारास लागते. त्या वर्षीचे पहिले पान त्याआधी भरलेले असावे, आणि ज्या तलावाचे पान कोरे आहे त्या तलावावर त्या पावसाळ्यात मुलांना पाठवू नये.